मेरूखालची पट्टी

जपमाळेंत जसा मेरुमणि, तसा सतारींत मेरू. दांडीच्या वरच्या टोंकास, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची एक आडवी पट्टी बसविलेली असते. तिच्या खांचांवरून तारा पडद्यांवर येतात व पुढें घोडीकडे जातात. हाच मेरू, कोणी त्यास अटी असेंही म्हणतात. माळेचा जप मेरुमण्यापासून सुरू होतो, तसें मोकळ्या तारेचें माप येथून सुरू होतें. एवढीशी ही वस्तु केसभर खचली तर काय अनर्थ होतो, तें गेल्या पावसाळ्यांत आम्हांस कळून आलें.

आमच्या मातोश्रींची मिरजेची सतार कित्येक वर्षें गवसणींत पडून होती. नातीनें शिकण्यास आरंभ केला तेव्हां ती खालीं काढली. परंतु बाजाची तार मोकळी छेडतांच मध्यमाबरोबर खरखर उमटूं लागली. शिकविणाऱ्या बाईंनीं नवी सतार घेण्यास सुचविलें, व घरांतही जुनी काढून टाकावी असें मत पडलें. ज्या दांडीवर मातोश्रींचा हात फिरला ती अडगळींत जावी, हें मात्र आमच्या मनास रुचेना.

अशा वेळीं प्रथम दोषाचें स्थान ठरविलें पाहिजे. जवारीचा झंकार निराळा आणि खरखर निराळी. पडद्यावर तार दाबली कीं तिचें माप त्या पडद्यापासून सुरू होतें, व मेरूचा संबंध सुटतो. म्हणून दाबलेले स्वर स्वच्छ आणि मोकळी तार तेवढी खरखरत असेल, तर मेरूची खांच झिजून तार पहिल्या पडद्यास लागत आहे असें समजावें. सगळेच स्वर खरखरत असतील तर दोष जवारींत किंवा पडद्यांत शोधावा. तेथें मेरू उचलून कांहीं लाभ नाहीं.

आमचा दोष मेरूचाच ठरला. तारा सैल करून आम्हीं मेरू अलगद सोडविला व खालीं पोस्टकार्डाचा तुकडा सारला. खरखर गेली, पण मध्यम मुका झाला. आणि श्रावणांत कागद सर्दावून दबला, तशी खरखरही परत आली. शेवटीं मिरज गांठली. ज्या मिरजेच्या सतारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथील एका वृद्ध कारागिरानें आमचें पोस्टकार्ड काढून हातांत ठेवलें. तो म्हणाला, "गुरुजी, माप घ्यायला कागद चांगला, ठेवायला नाहीं."

त्याच्या बोलण्यांतील तत्त्व साधें होतें. पट्टी अशी हवी कीं जी दबत नाहीं, ओल धरीत नाहीं आणि मेरूच्या तळास सर्वत्र सारखी टेकते. रबर, चामडें, कापड हीं मऊ असल्यामुळें तारेचें कंपन गिळतात. पितळेचा पत्रा कठीण व सर्वत्र एकसारख्या जाडीचा, मात्र तो सपाट असला पाहिजे. शिसवी किंवा सागाची चीप चालते, परंतु तिचे रेषे मेरूच्या लांबीस धरून असावेत. हाडाची पट्टी मेरूच्याच जातीची, म्हणून सर्वांत बरी. चार थर रचण्यापेक्षां योग्य जाडीची एकच पट्टी घालावी. मेरू फाजील उंचही करूं नये. तसें केल्यास आरंभींच्या पडद्यांवर तार अधिक ताणली जाऊन स्वर चढतो व बोटें दुखतात.

पूर्वीं श्रीमंतांच्या वाद्यांस हस्तिदंत लावीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं झालेल्या दुरुस्त्यांनीं त्याचा व्यापार बंद झाला, हें योग्यच झालें.

कारागीर नवा मेरू बसवून देण्यास तयार होता. पण जुन्या मेरूच्या खांचा मातोश्रींच्या रियाजानें पडलेल्या, त्या टाकवेनात. म्हणून मेरू तोच ठेवून खालीं हाडाची पातळ पट्टी घालावी असें ठरलें. हें ऐकून घरीं काकूंनीं कपाळास आठी घातली. मनुष्याची कवटी शुद्ध, कारण ती शंखाप्रमाणें प्राण्याचें अंग आहे, असें एक अनुमान तर्कग्रंथांत सदोष म्हणून दाखविलेलें आहे. तेंच आम्हीं थोडें वळवून काकूंपुढें मांडलें. त्या हंसून म्हणाल्या, "तुमचा तर्क राहूं दे. वन्सं रोज पूजा आटोपून हीच सतार घेऊन बसत, तेव्हां कोणाला विटाळ झाला नाहीं."

पट्टी बसली. त्या सायंकाळीं नातीनें मोकळी तार छेडली. मध्यम स्वच्छ उमटला, आणि माजघरांत काकूंचे हात क्षणभर थांबले.

ज्यांच्या घरीं असें एखादें मुकें वाद्य गवसणींत असेल, त्यांनीं तें काढून टाकण्यापूर्वीं त्याचा मेरू एकदां पाहावा.