आधी कडा बघा

टेबलावर पांढरं सुती फडकं अंथरायचं, दिवा डावीकडून तिरपा लावायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि मग पदक उचलायचं, तेही फक्त कडेला धरून. आज हातात आहे नेपोलियन आणि मारी-लुईझ यांच्या विवाहाचं, १८१० सालचं. एका बाजूला दोघांचे चेहरे, दुसरीकडे वेदीसमोर उभं जोडपं. ठसा कोरणारा आंद्रिय्यू. गालांची गोलाई, केसांची बट, सगळं स्वच्छ उठलेलं.

बारा वर्षांपूर्वी हे मी ‘त्याच काळातलं’ म्हणून घेतलं. विक्रेत्याने तसंच सांगितलं होतं, पैसेही तसेच घेतले. घरी आल्यावर कडा फिरवून पाहिली, तर तिच्यावर फळाफुलांनी भरलेलं एक इवलंसं शिंग आणि शेजारी ‘ब्राँझ’ अशी अक्षरं. पॅरिसच्या टांकसाळीची ही खूण १८८० पासूनची. मारी-लुईझ वारली १८४७ मध्ये. तिच्या लग्नाचं हे पदक पडलं तेव्हा तिला जाऊन तीस वर्षं उलटली होती!

याला खोटं पदक म्हणता येत नाही. ठसे पोलादाचे, टांकसाळीने ते जपले आणि मागणी येईल तशी त्यांतून पदकं पाडली. म्हणून पदकावरचं साल प्रसंगाचं असतं आणि पदक कधी पडलं ते कडा सांगते. १८३२ च्या आधीच्या कडा कोऱ्या. त्या वर्षी दिव्याची खूण आली. १८४१ मध्ये जहाजाचा नांगर, १८४२ मध्ये जहाजाची नाळ, १८४५ मध्ये बोट दाखवणारा हात, १८६० मध्ये मधमाशी, आणि १८८० मध्ये ते शिंग. सोबत बहुधा धातूचं नाव, तांब्याला ‘क्युइव्र’. ११ जून १८४२ च्या फ्रेंच रेल्वे कायद्यावर बोवीने कोरलेलं राजा लुई-फिलिपचं भलंमोठं पदक घ्या. त्याच्या कडेवर नांगर असेल तर ते कायद्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतलं. हात असेल, तर १८४५ किंवा त्यानंतरचं. नांगर जेमतेम वर्षभर टिकला, म्हणून तो दिसला की माझा श्वास क्षणभर थांबतो.

कडेनंतर उठाव बघा. तो एका दाबात येत नाही. दाबाखाली तांबं कडक होतं. मग ते तापवून मऊ करायचं आणि पुन्हा त्याच ठशात बसवायचं, असं अनेकदा. ओतीव नकलेत ही धार नसते. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात, आणि धातू निवताना आक्रसल्यामुळे व्यासही किंचित कमी भरतो. कॅलिपर जवळ ठेवावा तो यासाठी.

एक कळकळीची विनंती. आपल्याकडे तांब्याचा तांब्या चिंचेने घासून लखलखीत करतात. पदकाला चिंच लावू नका. तो तपकिरी रंग बहुतेक वेळा टांकसाळीनेच मुद्दाम चढवलेला असतो; एकदा गेला की परत येत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सिलिका जेलची पुडी पुरते. पीव्हीसीची पाकिटं मात्र टाळा, त्यांनी तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो.

माझं शिंगवालं पदक मी विकलं नाही. चिठ्ठीवर ‘विवाह १८१०, छाप १८८० नंतरची’ असं लिहून ते खणात ठेवलं आहे. तुम्ही असं पदक घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी कडेचा फोटो मागा.