डेथ व्हॅलीतला ओढा कुणाचा?

एसी बंद पडला की आपण ऑफिस डोक्यावर घेतो. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी पारा ५६.७ अंशांवर गेला होता. आजही हा अधिकृत जागतिक विक्रम! तरी इथे वस्ती आहे, कारण डोंगरपायथ्याच्या झऱ्यांवर जगणारा हा चिमुकला ओढा. टिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. १८८०च्या दशकात टाकणखारवाले आले, मग हॉटेल, खजुराच्या बागा आणि चक्क गोल्फ कोर्स! १९३३मध्ये ही दरी राष्ट्रीय स्मारक झाली, मूळ रहिवासी मात्र बिनजमिनीचेच. थेट २००० साली कायदा झाला, तेव्हा कुठे त्यांना इथली ३०० एकर जमीन परत मिळाली. ‘डेथ व्हॅली’ हे नाव त्यांना आजही खटकतं. खटकणारच, त्यांचं तर ते घर आहे!