सत्तर हजारांच्या प्लेअरमध्ये नेमके काय मिळते?

फोनमध्ये हवे ते गाणे मिळत असताना फक्त गाणी वाजवणारे वेगळे यंत्र कशाला घ्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. सोनीने 2023 साली भारतात आणलेल्या एनडब्ल्यू-झेडएक्स 707 या वॉकमनची किंमत 69,990 रुपये होती. कोरियाच्या अॅस्टेल अँड केर्नचे वरच्या श्रेणीतले प्लेअर लाखांच्या घरात जातात. एवढे पैसे घालणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून गाणे ऐकणारा असतो. म्हणूनच भलत्या कारणासाठी ते यंत्र त्याच्या गळ्यात मारले जाते तेव्हा वाईट वाटते. यंत्रे चांगलीच असतात. त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले बरेचसे खरे नसते.

सगळ्यात मोठा गैरसमज आकड्यांचा आहे. सीडीवरचे संगीत सेकंदाला 44,100 नमुने आणि 16 बिट अशा मापात साठवलेले असते. ‘हाय-रेझोल्यूशन’ म्हणून विकली जाणारी फाइल 24 बिटची आणि 96,000 किंवा 1,92,000 नमुन्यांची असते. नमुने जितके जास्त तितका सूर गुळगुळीत, सीडीत मात्र तो पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो, असे सर्रास सांगतात आणि तशा पायऱ्यांचे चित्रही दाखवतात. ते चित्र दिशाभूल करणारे आहे. हॅरी नायक्विस्टने 1928 मध्ये ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅननने 1949 मध्ये ज्याची सिद्धता छापली, त्या गणितानुसार नमुन्यांच्या दराच्या निम्म्याखालची सगळी कंपने पूर्णपणे परत मिळवता येतात. प्लेअरमधून बाहेर पडणारी लहर अखंड असते, तिला पायऱ्या नसतात. 44,100 चे निम्मे म्हणजे 22,050 हर्ट्झ. तरुण, निरोगी कान फार तर 20,000 पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. 24 बिटचा खरा उपयोग स्टुडिओत होतो, कारण ध्वनिमुद्रण करताना आवाजाची पातळी थोडी चुकली तरी सावरून घेता येते. ऐकण्यासाठी 16 बिटमध्ये मिळणारा सुमारे 96 डेसिबलचा आवाका घरात कुणाला पुरता वापरताही येत नाही.

हे ऐकूनही तपासले गेले आहे. मेयर आणि मोरन यांचा प्रयोग 2007 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हाय-रेझोल्यूशनचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापात उतरवून ऐकवला, तेव्हा 554 पैकी 276 वेळा ओळख बरोबर आली. नुसते अंदाजाने सांगितले असते तरी एवढेच जमले असते. 2016 मध्ये जोशुआ रीस यांनी अशा 18 अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के निघाले. सराव केलेल्या श्रोत्यांचे त्याहून बरे होते. म्हणजे फरक शून्य आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण तो इतका बारीक आहे की त्यासाठी पैसे मोजण्याआधी दुसऱ्या चार गोष्टी बघाव्यात.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण. आपल्याकडे तर हा मुद्दा फारच महत्त्वाचा, कारण जे ऐकण्यासाठी आपण जीव टाकतो त्यातले कितीतरी 78 आरपीएमच्या तबकड्यांवर आहे. साधारण तीन मिनिटांची एक बाजू. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण 1925 मध्ये आले. त्याआधी गायक कर्ण्यात गात. विजेच्या सुरुवातीच्या काळातही पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर तबकडीवर फारसे काही उमटत नसे. बालगंधर्वांचे नाट्यपद किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी 1,92,000 नमुन्यांच्या फाइलमध्ये भरली, तरी त्या काळी जे खोबणीत उतरलेच नाही ते आता कुठून येणार? फरक पडतो तो तबकडी कोणत्या स्थितीत होती, सुई कोणती वापरली आणि खरखर काढणाऱ्याने हात किती आवरता ठेवला यामुळे. खरखर पुसताना तंबोरा आणि सारंगीचा दाणाही पुसून टाकलेल्या प्रती मी ऐकल्या आहेत. त्यांच्यापेक्षा थोडी खरखर असलेली प्रत मला कितीतरी जवळची वाटते.

याला जोडूनच एक समज आहे: जुन्या एमपीथ्री फाइली फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता आवळणाऱ्या प्रकारात, बदलल्या की दर्जा वाढतो. वाढतो तो फक्त आकार. एमपीथ्री करताना जे टाकून दिले ते परत येत नाही. फ्लॅकचा फायदा घ्यायचा तर सीडीवरून थेट फ्लॅक करावी. तासाभराच्या सीडीचे सुमारे 635 एमबी असतात. फ्लॅकमध्ये त्याचे साधारण निम्मे-पाऊण होतात आणि एक अक्षरही गळत नाही. उलट 24 बिट-1,92,000 चा एक तास न आवळता ठेवला तर चार जीबी खातो.

आता ब्लूटूथ. महागडा प्लेअर घेतला की बिनतारी हेडफोनही सुधारतात, असे अनेकांना वाटते. प्लेअरची किंमत ज्यासाठी दिली तो भाग म्हणजे आकड्यांची लहर करणारा डॅक आणि तिला जोर देणारा अॅम्प्लिफायर. ब्लूटूथवर हे दोन्ही बसून राहतात. प्लेअर फक्त आकडे आवळून पाठवतो. लहर तयार होते ती हेडफोनमधल्या इवल्याशा चिपमध्ये. सोनीचा एलडॅक हा आवळून पाठवण्याचा प्रकार सेकंदाला जास्तीत जास्त 990 किलोबिट पाठवतो, सीडीला 1,411 लागतात. गर्दीच्या लोकलमध्ये जोडणी टिकवण्यासाठी तो 660 किंवा 330 वर उतरू शकतो. त्यामुळे कायम बिनतारी ऐकणाऱ्याने हे पैसे चांगल्या हेडफोनवर घालावेत.

तारेचे हेडफोन असले तरी सगळ्यांना मोठा प्लेअर लागतोच असे नाही. फोनच्या टाइप-सी खोबणीत बसणारा चांगला छोटा डॅक कितीतरी कमी पैशांत मिळतो आणि सहज वाजणाऱ्या इअरफोनला तो पुरतो. अडचण येते ती 300 ओहमच्या सेनहायझर एचडी 600 सारख्या हेडफोनला. शांत पातळीवर घेतलेली मैफल असेल तर छोट्या डॅकवर आवाज शेवटपर्यंत नेऊनही पुरत नाही. तिथे प्लेअरची ताकद खरोखर उपयोगी पडते. पण ताकद जास्त म्हणजे नेहमीच चांगले, हेही खरे नाही. कानात बसणाऱ्या फार संवेदनशील इअरफोनला तगडा अॅम्प्लिफायर जोडला की आलापाच्या विरामात ‘स्स’ असा बारीक आवाज ऐकू येतो. अशा इअरफोनसाठी ताकदीपेक्षा प्लेअरची शांतता आणि कमी आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरच्या बाजूचा विद्युत अडथळा, बघावा. तो जास्त असेल तर एकापेक्षा अधिक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) असलेल्या इअरफोनचा स्वभावच बदलतो.

बऱ्याच प्लेअरवर साध्या 3.5 मिलिमीटरच्या जॅकशेजारी असणाऱ्या 4.4 मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकविषयी बोललेच पाहिजे. ‘बॅलन्स्डवर ऐका, आवाज लगेच मोकळा होतो,’ असे दुकानदार सांगतो, जॅक बदलतो आणि तसे वाटतेही. बहुतेक प्लेअरमध्ये या जॅकला साध्या 3.5 च्या जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळते. त्यामुळे आवाजाचा आकडा तोच ठेवला तरी प्रत्यक्षात आवाज मोठा झालेला असतो. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, ही माणसाची जुनी खोड आहे. एखाद्या डेसिबलचा फरक तर ‘मोठा’ म्हणून कळतही नाही, ‘अधिक स्पष्ट’ म्हणूनच जाणवतो. दोन प्लेअर पारखायचे असतील तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. 1,000 हर्ट्झचा सूर वाजवून साध्या मल्टिमीटरने जॅकवरचे व्होल्टेज जुळवता येते, आणि डोळे मिटून मित्राकडून अदलाबदल करवून घेता येते. त्यानंतरही जो आवडेल तो बेलाशक घ्यावा.

मग वेगळ्या प्लेअरचे खरे गुण कोणते? वाजवायला जड अशा तारेच्या हेडफोनला पुरणारी ताकद. फिरवून आवाज बारीक लावता येणारी खुंटी. मध्येच न वाजणारा फोन. मेमरी कार्डावरचा स्वतःचा संग्रह, जो कुठल्या अॅपचा करार संपला म्हणून नाहीसा होत नाही. आणि गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजवणे. विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत बंदिश पुढच्या ट्रॅकवर अशा सीडी भरपूर आहेत. मध्ये अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला तर तबल्याचे आवर्तन मोडते. ही सोय हल्ली बऱ्याच फोनमध्येही असते, पण ती आपल्या फाइलींवर चालते का हे विकत घेण्याआधी वाजवून बघावे.

हे यंत्र जन्मभर टिकते, असेही नाही. आतली लिथियम बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाल्यावर थकते, आणि बऱ्याच प्लेअरमध्ये ती घरी बदलता येत नाही. सोनीच्या 2016 च्या एनडब्ल्यू-डब्ल्यूएम1झेडला तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेले कवच आणि एकूण 455 ग्रॅम वजन होते, पण बॅटरी त्याच्याही आत लिथियमचीच. भारतात बॅटरी बदलून मिळते का, कुठे आणि कितीला, हे आधीच लेखी विचारावे. प्लेअर महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावा. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरची प्रणाली लवकर जुनी होते आणि आवाज ठणठणीत असताना अॅप बंद पडू लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

स्वच्छ आवाज कानाला इजा करत नाही, हा समज मात्र धोक्याचा आहे. आवाज न फाटल्यामुळे उलट आपण तो वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबलवर जेमतेम 4. लोकलच्या खडखडाटावर मात करायला खुंटी फिरवण्यापेक्षा कानात नीट बसणारे रबरी टोक निवडावे. ते दोन-तीन मापांत मिळते आणि योग्य माप बसले की खर्जही भरतो.

शेवटचे काम कंटाळवाणे, पण फळ देणारे. प्लेअर गाणी शोधतो ती फाइलमध्ये लिहिलेल्या नावांवरून, आणि ते रकाने पाश्चात्त्य अल्बमसाठी आखलेले आहेत. भावगीताला गायक, संगीतकार आणि कवी असे तिघे लागतात. ख्यालाला राग, ताल आणि साथीदार. संगीतकाराचा रकाना असतो, राग शीर्षकात सुरुवातीलाच लिहावा, कवी आणि साथीदार टिपणीत. देवनागरीत लिहायचे असेल तर आधी दोन फाइली करून पाहाव्यात, कारण काही साध्या प्लेअरवर जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. सगळे झाले की संग्रहाची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. मेमरी कार्ड पूर्वसूचना न देता जाते.