बांध कोरला? मग पबमध्ये खटला!

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचं गाव आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अनेक इंग्लिश गावांनी शेतं एकत्र करून कुंपणं घातली. लॅक्स्टनची मात्र मध्ययुगीन पद्धत अजून चालू आहे!

गावाची तीन मोठी शेतं. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. दरवर्षी आलटून पालटून. प्रत्येक शेतात अनेकांच्या अरुंद पट्ट्या, मध्ये कुंपण नाही. म्हणजे बांध कोरायला रान मोकळंच! म्हणून नोव्हेंबरअखेरीस गावचे पंच चिखल तुडवत गव्हाच्या शेतात फिरतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात. कुणाचा नांगर रस्त्यात किंवा गवताच्या पट्ट्यात घुसलाय, ते टिपतात. मग ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये जेवण, आणि आठवड्याभराने तिथेच ‘कोर्ट लीट’ हे गावचं न्यायालय भरतं, दंड होतो. आपल्याकडे बांधाच्या दाव्यांत पिढ्या खपतात हो!

मार्क पिअर्सने 1635 मध्ये काढलेल्या गावाच्या नकाशात एकेक पट्टी दाखवलेली आहे. तो नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. नॉटिंगहॅमशायरला गेलात, तर लॅक्स्टनच्या शिवारात जरूर फिरा, फक्त पेरलेल्यावर पाय देऊ नका.