जुन्या गाडीचं इंजिन : बांधायचं की बदलायचं?



न्यूनेनमध्ये सायकलवर सगळं भागतं असं आपण पाहुण्यांना सांगतो खरं, पण मुलांचे क्लास, आठवड्याचा बाजार आणि आइंडहोवन स्टेशनला आई-बाबांना आणायला जाणं, यासाठी गाडी लागतेच. ती गाडी जुनी असली की एक दिवस मेकॅनिक मान हलवून म्हणतो, "इंजिन संपलंय." मग पुढे काय? आमच्यावर हा प्रसंग एकाच वर्षात दोनदा आला. एकदा इथल्या रोजच्या गाडीमुळे आणि एकदा कोल्हापूरला बाबांच्या फियाटमुळे. दोन्हीकडे उत्तर वेगळं निघालं. त्यातून जे शिकलो ते इथे देत आहोत.

१. आधी खात्री करा

तेल कमी होतंय, धूर येतोय, म्हणजे इंजिन गेलंच असं नाही. धुराचा रंग बरंच काही सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. तो फक्त सकाळी गाडी सुरू करताना येत असेल, तर बहुधा व्हॉल्वची रबरी सील खराब असतात आणि हे काम तुलनेने छोटं आहे. चढावर, जोर दिल्यावर येत असेल तर रिंगा झिजलेल्या असण्याची शक्यता जास्त. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातंय. त्याचा इंजिनाच्या झिजेशी संबंध असेलच असं नाही.

नक्की कळायला कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतात. आकड्यापेक्षाही चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. ज्या सिलिंडरचा दाब कमी आहे त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. वाढला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केटकडे बघायचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट उडालेलं असू शकतं.

आम्हाला पहिल्या गॅरेजने काहीही न मोजता "गाडी काढून टाका" म्हटलं होतं. दुसरीकडे मोजून घेतलं तेव्हा रिंगाच गेल्याचं कळलं. निदान तेच निघालं, पण आता ते आकड्यांवर होतं आणि निर्णय घेणं सोपं गेलं.

२. इंजिनाआधी खालून गाडी बघा

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने चासी, ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनचे सांधे गंजतात. पत्रा सडलेल्या गाडीत चांगलं इंजिन घालणं म्हणजे पडक्या घराला नवा दरवाजा बसवणं. आपेका तपासणीत इंजिन पास झालं तरी गंजलेल्या चासीवर गाडी नापास होते. म्हणून आधी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून बघा.

३. तीन पर्याय

इंजिन बांधणे : याला इथे 'रेव्हिसी' म्हणतात. इंजिन पूर्ण खोलून, धुऊन, मोजून, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग बसवतात, हेड सपाट करतात, व्हॉल्व बसवतात. ऑईल पंप, वॉटर पंप, टायमिंग चेन किंवा बेल्टही याच वेळी बदलावेत. काम उत्तम होतं, पण मजुरीचे तास फार आणि त्यावर २१ टक्के बीटीडब्ल्यू.

रॉइलमोटर : आपलं जुनं इंजिन द्यायचं आणि आधीच बांधून तयार असलेलं घ्यायचं. वेळ वाचतो, गॅरंटी मिळते.

जुनं वापरलेलं इंजिन : अपघातात गेलेल्या गाडीतून काढलेलं. सर्वांत स्वस्त, पण नशिबाचाही भाग आहे. किती किलोमीटर झाले, कॉम्प्रेशन किती आणि गॅरंटीत फक्त इंजिन मिळेल की बसवण्याची मजुरीही, हे लेखी घ्या. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्लच बघून घ्या. नंतर त्याच मजुरीचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

इंजिन त्याच प्रकारचं असेल तर काम सरळ. इंधन किंवा इंजिनाचा प्रकार बदलणार असाल तर आधी आरडीडब्ल्यूला विचारा. गाडी डिझेल असेल तर आणखी एक विचार करा : आम्स्टरडॅम, उट्रेख्तसारख्या शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आहे.

४. आमचे दोन निर्णय

न्यूनेनच्या गाडीची चासी चांगली होती. रेव्हिसीचा खर्च मात्र गाडीच्या किमतीपेक्षा जास्त येत होता. गाडीत आमचा जीव वगैरे अडकलेला नव्हता. आम्ही कॉम्प्रेशनचे आकडे बघून वापरलेलं इंजिन घातलं. हिशेब इतकाच केला : या खर्चात गाडी किती वर्षं चालायला हवी, आणि तेवढ्याच पैशात येणारी दुसरी जुनी गाडी यापेक्षा भरवशाची असेल का?

बाबांची प्रीमियर पद्मिनी हा वेगळा विषय. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली, तेव्हा बाबांनी फोनवर बराच वेळ काही बोलणं केलं नव्हतं. त्यांच्या गाडीचं इंजिन इतकं झिजलं होतं की घाटात धूर काढायची. तिथल्या मेकॅनिकने दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवायचा सल्ला दिला. आई म्हणाली, आता गाडी चालवणंच बंद करा. आम्हीही फोनवर "विकून टाका" म्हणून मोकळे झालो. बाबा एवढंच म्हणाले, "तुम्ही तिकडे, आणि ही पण गेली तर मी सकाळी उठून करू काय?"

मग आम्ही नीट विचार केला. १०८९ सीसीचं साधं इंजिन, बिडाचा ब्लॉक, बोअर करायला भरपूर जागा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. भारतात आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे दुसरं इंजिन घातलं की आरटीओत नोंद बदलणं आलं. तेच इंजिन बांधलं तर नंबर तोच राहतो. आम्ही इंजिन बांधायला सांगितलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणून कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम आणि पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून घेतले.

पैशाच्या हिशेबात ते बसत नव्हतं, हे आम्ही मान्य करतो. पण ते आम्ही ठरवून केलं, फसून नाही.

५. इंजिन बांधल्यावर

पहिले हजार किलोमीटर जोरात पळवू नका, पण एकाच वेगातही चालवू नका. रिंगा बोअरला बसायला वेग कमी-जास्त व्हावा लागतो. पहिलं ऑईल लवकर बदला, त्यात धातूची बारीक कीस असते. ऑईल आणि पाणी रोज बघा.

बाबा आता रोज सकाळी बॉनेट उघडून ऑईल बघतात आणि आम्हाला फोनवर कळवतात. आम्ही इथे तेवढं रोज करत नाही, पण रविवारी नक्की करतो.

आपल्यापैकी कुणी असा निर्णय घेतला असेल तर पुढच्या कट्ट्यावर जरूर सांगा. आणि कुणाच्या गाडीचा धूर निळा दिसत असेल तर आधी मोजून घ्या, मग घाबरा!