घटस्फोट झाला, पण हप्ता दोघांच्याच नावावर! सही करण्याआधी काय तपासाल?

परस्पर संमतीने घटस्फोट म्हटले की चर्चा पोटगीच्या आकड्यावर अडकते. फ्लॅटचे उरलेले हप्ते कोण भरणार, हा प्रश्न मात्र ‘तो भरेल ना’ एवढ्यावर मिटतो. खरी अडचण तिथेच सुरू होते.

गृहकर्जाचा करार बँकेशी असतो आणि कौटुंबिक न्यायालयातल्या संमतीच्या अटींत बँक पक्षकार नसते. अटींत ‘हप्ते पती भरेल’ असे लिहिले, तरी सहकर्जदार पत्नीची जबाबदारी संपत नाही. त्याने हप्ते थकवले तर क्रेडिट स्कोअर दोघांचा घसरतो, वसुलीची नोटीसही दोघांना येते. सुरक्षित मार्ग दोनच : घर विकून कर्ज फेडायचे, किंवा घर ठेवणाऱ्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचे. एका पगारावर बँक तयार होते का, हे सहीआधीच विचारा. आणि कर्जातून नाव निघाले म्हणजे मालकीतूनही निघाले, असे होत नाही. तो दस्त वेगळा.

‘बायकोला निम्मी मालमत्ता मिळतेच’ हा समज मालिकांनी पसरवला असावा. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. महाराष्ट्रात तसा नियम नाही. स्त्रीधन मात्र पत्नीचेच.

पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात ठरवून दिले. तडजोड बाहेर होणार असेल तरी तेवढीच माहिती मागून घ्या. बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुक, पॉलिसी, डिमॅट, सगळेच.

दरमहा रक्कम ठरत असेल तर एक गणित करा. महागाई ६ टक्के धरली, तर आजच्या २० हजारांची किंमत १० वर्षांनी जेमतेम ११ हजार उरते. त्यामुळे वार्षिक वाढीची अट लेखी हवी.

नॉमिनीचे नाव निकालानंतर आपोआप बदलेल, या भरवशावर राहू नका. बँक, विमा, म्युच्युअल फंड, पीएफ, प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र बदल करावा लागतो. संयुक्त खात्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, तेही आजच पाहा.