नऊ डॉलरचा डॅक पुरतो का?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलने नवा आयपॅड प्रो बाजारात आणला, तेव्हा त्यात हेडफोन जॅक नव्हता. जुनेच हेडफोन वापरायचे असतील त्यांच्यासाठी कंपनीने नऊ डॉलरची एक बोटभर वायर विकायला ठेवली. एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन घालायची जागा. लोकांनी ती नाइलाजाने घेतली. मग ध्वनियंत्रांची मोजमापे घेणाऱ्या काही जाणकारांनी ती ऑडिओ ॲनालायझरला जोडून पाहिली. त्या वायरीत दडलेल्या सिरस लॉजिकच्या इवल्याशा चिपची विकृती (डिस्टॉर्शन) टक्क्याच्या हजाराव्या भागाइतकीच निघाली. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या कित्येक ॲम्प्लिफायरची विकृती याहून जास्त असते.

ही वायर म्हणजे एक डॅक, अर्थात डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. मोबाइलमधले गाणे आकड्यांच्या रूपात असते आणि स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला हलायला कमी-जास्त होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांचा विद्युतदाब करण्याचे काम डॅकचे. आवाज देणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीत तो कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. तरीही घरी बऱ्यापैकी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आला की लवकरच प्रश्न पडतो, वेगळा डॅक घ्यायचा का आणि घ्यायचा तर किती रुपयांचा? बाजारात हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत सगळे काही मिळते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सीडीवर दर सेकंदाला डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात आणि प्रत्येक नमुना ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीवर, म्हणजे १६ बिटांचा, असतो. जाहिरातींत याचे जिन्यासारखे चित्र काढतात आणि महागडा डॅक त्या पायऱ्या गुळगुळीत करतो, असे सुचवतात. गणित तसे सांगत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले की, ध्वनीतली सर्वांत वरची कंप्रता नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून कमी असेल, तर नमुन्यांवरून मूळ लहर जशीच्या तशी उभी करता येते. दोन नमुन्यांच्या मधले काही हरवत नाही. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. ४४,१०० हा आकडा त्या हिशेबाने पुरेसा आहे. पायऱ्या असतात त्या डॅकच्या पोटात. शेवटच्या फिल्टरमधून बाहेर पडते ती सलग लहरच.

पण गणित सोपे असले, तरी ते तारा आणि चिप यांच्यात उतरवणे एकेकाळी खरोखर अवघड होते. जुन्या पद्धतीत प्रत्येक बिटासाठी रेझिस्टर असत आणि त्यांची एक शिडी रचलेली असे. १६ बिटांच्या शिडीत सर्वांत मोठ्या बिटाचा रेझिस्टर ६५,५३६ मध्ये एका भागाइतका जरी चुकला, तरी सर्वांत लहान बिटाला काही अर्थ उरत नाही. म्हणजे अचूकता हवी ०.००१५ टक्के, आणि तीही यंत्र तापल्यावर टिकणारी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळणारा चांगला रेझिस्टर एक टक्का अचूक असतो! अशी चिप कारखान्यात एकेक तपासून, निवडून काढावी लागे आणि तिची किंमतही तशीच असे.

१९८२ मध्ये सीडी आली तेव्हा फिलिप्सपुढे हाच पेच होता. कंपनीकडे १४ बिटांची चिप तयार होती आणि मानक ठरले १६ बिटांचे. तिच्या अभियंत्यांनी काढलेली वाट या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट आहे. त्यांनी नमुन्यांचा वेग चौपट केला आणि चिपच्या अपुरेपणातून येणारा गोंगाट कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या कंप्रतांकडे ढकलला. १४ बिटांच्या चिपमधून १६ बिटांच्या तोडीचे काम निघाले. पुढे डेल्टा-सिग्मा पद्धतीत हाच विचार टोकाला नेला गेला. पातळ्या मोजक्याच ठेवायच्या, पण त्या सेकंदाला लाखो वेळा बदलायच्या. त्यामुळे अचूकतेचा भार रेझिस्टरवरून वेळेवर आला आणि अचूक वेळ देणारा क्वार्ट्झचा स्फटिक काही रुपयांत मिळतो. उत्तम डॅक स्वस्त झाला तो यामुळे.

म्हणूनच चिपच्या नावावरून चालणारे वाद फारसे मनावर घेऊ नयेत. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि जगभर ऑडिओ चिपचा तुटवडा पडला. टॉपिंग या चिनी कंपनीचा डी-९० हा डॅक एकेएमच्या चिपवर चालत असे. त्याच्या जागी कंपनीने अमेरिकेच्या ईएसएसची चिप बसवलेला डी-९०एसई आणला. मोजमापांत तोही अव्वलच ठरला. चिपभोवतीचा विद्युतपुरवठा आणि आउटपुटचा टप्पा नीट केलेला असेल, तर चिप कोणाची याने ऐकणाऱ्याला फरक पडू नये.

मग नवा डॅक लावताच आवाज ‘खुलला’ असे इतक्या जणांना का वाटते? बहुतेक वेळा कारण साधे असते. तो मोठ्याने वाजतो. घरगुती डॅकचे आउटपुट साधारण २ व्होल्टचे असते, तर नऊ डॉलरच्या त्या वायरीचे १ व्होल्ट (युरोपात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचे त्याच्याही निम्मे). दुप्पट विद्युतदाब म्हणजे ६ डेसिबलचा फरक. दोन आवाजांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी कान त्याला मोठा आवाज म्हणत नाही, चांगला आवाज म्हणतो.

ही फसगत टाळायला एक मल्टिमीटर पुरतो. १०० हर्ट्झचा सलग सूर वाजवायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या सळ्या स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावायच्या आणि आकडा लिहून घ्यायचा. मग डॅक बदलून, व्हॉल्यूम हलवत तोच आकडा आणायचा. एकदा २.०० आणि एकदा २.०२ व्होल्ट आले, तर फरक एक दशांश डेसिबलहून कमी राहतो. त्यानंतर वायरी बदलण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यायचे आणि न बघता ओळखायचे.

अशी परीक्षा शिस्तीने घेतली गेलेली आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत मध्येच सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि फरक ओळखता येतो का ते तपासले. ५५४ वेळा विचारले, बरोबर उत्तरे आली २७६. निव्वळ अंदाजानेही एवढी आली असती. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा अचूक उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक शून्य नाही, पण त्यासाठी लाख रुपये मोजावेत इतका तो नाही.

आपल्याकडच्या श्रोत्याला आणखी एक गोष्ट लागू पडते. भीमसेन जोशी किंवा कुमार गंधर्व यांच्या ज्या मुद्रणांवर अनेकांचा जीव आहे, त्यांतली पुष्कळशी ॲनालॉग टेपवरची आहेत. गोंगाट कमी करण्याची सोय नसलेल्या टेपचा हळू ते मोठ्या आवाजाचा आवाका साधारण ६० ते ७० डेसिबलचा, आणि सीडीचा ९६. साध्यातल्या साध्या डॅकमध्येही त्या मुद्रणांतल्या तानपुऱ्याला पुरून उरेल एवढी जागा असते.

वेगळा डॅक खरोखर लागतो तो दुसऱ्या कारणांनी. काही लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून प्रोसेसरची किरकिर ऐकू येते. माउस हलवला की ती बदलते. काही टीव्हींना ॲनालॉग आउटपुटच नसते, फक्त ऑप्टिकल. कुठे लॅपटॉप चार्जिंगला लावला की ॲम्प्लिफायरमधून ५० हर्ट्झची घूं सुरू होते, कारण दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. अशा वेळी ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक गुणकारी ठरतो. ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे त्या वाटेने घूं येऊच शकत नाही.

टीव्हीला डॅक जोडताना मात्र सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करावे. ते ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर राहिले तर साधा डॅक मुका बसतो किंवा नुसता खरखरतो, आणि बिचारा निष्कारण दुकानात परत जातो. शिवाय पुष्कळ टीव्हींत रिमोटचा व्हॉल्यूम ऑप्टिकलवर चालत नाही. ॲम्प्लिफायरला रिमोट नसेल, तर रिमोट असलेला डॅकच घ्यावा.

फोनसाठी वायर घ्यायला पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा : यात डॅक आहे का? सारख्याच दिसणाऱ्या काही टाइप-सी वायरींत चिपच नसते. त्या फोनमधला ॲनालॉग आवाज फक्त बाहेर आणतात, आणि फोनमध्ये तशी सोय नसेल तर काहीच वाजत नाही. ॲपलच्या वायरीचीही अडचण आहे : अनेक अँड्रॉइड फोनवर तिचा आवाज फार बारीक येतो. अँड्रॉइडवाल्यांना फिओसारख्या कंपन्यांचे छोटे डॅक सोयीचे. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल, तर १ व्होल्टात तो पुरता फुलत नाही. तिथे जास्त व्होल्टचे आउटपुट बघावे.

घरच्या ॲम्प्लिफायरसाठी एसएमएसएल कंपनीचा एसयू-१ हा डॅक चांगले उदाहरण. परदेशात तो ८० डॉलरच्या आसपास मिळतो. यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्सियल हे तिन्ही इनपुट आणि २ व्होल्टचे आउटपुट. व्हॉल्यूमचे बटण नाही, कारण ते काम ॲम्प्लिफायरचे. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि वॉरंटीचा विचार आधी करावा. दुरुस्तीची सोय असलेला भारतातला विक्रेता थोडा महाग पडला तरी परवडतो.

याहून जास्त पैसे डॅकवर घालू नयेत. चांगल्या स्पीकरचीही विकृती खालच्या सुरांत एक टक्क्यापर्यंत सहज जाते, म्हणजे त्या नऊ डॉलरच्या वायरीच्या हजारपट. त्यात खोलीच्या उघड्या भिंती आणि फरशी आपली भर घालतात. तीस हजार रुपये हाताशी असतील, तर डॅकवर दोन-तीन हजार, फार तर आठ हजार घालावेत. बाकीचे स्पीकरसाठी राखावेत, आणि ते घेण्याआधी आपल्या ओळखीची गाणी सोबत नेऊन दुकानात निवांत ऐकून घ्यावेत.